जंगल कुणाचे, शिकार कुणाची?

दिवाळीच्या फराळाभोवती गप्पा रंगल्या, की वऱ्हाडातल्या एखाद्या जुन्या घरात शिकारीचा विषय निघतोच. "परवाना काढला, की यवतमाळची सारी राने मोकळी!" असे कुणीतरी वडीलधारे सांगतात आणि नातवंडे हळहळतात. आता अमेरिकेत म्हणे सरकारी जमिनीवर सामान्य माणसालाही शिकारीला जाता येते. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठीच खर्च होतो. मग आपल्याकडेच हे दार बंद का, असा प्रश्न पुढे येतो.

प्रश्न रास्त आहे. पण दार कधी उघडे होते आणि कुणाला, हेही विचारायला हवे. जंगल खात्याने राखीव जंगलाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडलेले असत. वनाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, फी भरायची, मग ठरलेल्या मुदतीपुरता तो ब्लॉक तुमचा. साहेब, संस्थानिक, मालगुजार, वकील, डॉक्टर अशी ही मंडळी. त्याच रानात पिढ्यान्पिढ्या राहणारा कोलाम किंवा गोंड मात्र हाकाऱ्यांच्या रांगेत डबा बडवत चाललेला! मचाणावरची खुर्ची त्याची नव्हे.

आणि फासेपारधी? फास लावून तितर-लाव्हे धरणे हे ज्याचे पोटच, त्याच्या शिकारीला कुणी छंद म्हटले नाही. १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली. तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ साली. गावातल्या संशयी नजरा कायद्याने पुसता येत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

पुढे १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने छंदाची शिकार जवळजवळ संपलीच. आदिवासींना जंगलावरचे हक्क देणाऱ्या २००६ च्या कायद्यानेही शिकारीचा पारंपरिक हक्क मुद्दाम वगळला. मला विचाराल तर बंदी योग्यच झाली. बंदुका, मोटारी आणि रात्रीचे झोत यांपुढे रान टिकले नसते.

परंतु बंदीचे ओझे कुणाच्या खांद्यावर पडले, ते पाहायला यवतमाळच्या शेतात रात्री जावे. तूर-हरभरा भरात आला की रानडुकरे आणि रोही येतात. शेतकरी टॉर्च घेऊन माळ्यावर जागतो. पिकांचा नाश करणारी ही जनावरे मारण्याच्या परवानगीची तरतूद आहे खरी. पण अर्ज, पंचनामा आणि बंदूकवाला मिळेपर्यंत डुक्कर शेत उकरून पुढच्या बांधावर गेलेले असते.

अवनीचे प्रकरण वाचकांना आठवत असेलच. राळेगाव-पांढरकवडा भागात सुमारे दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका त्या वाघिणीवर होता; २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या रानात ती मारली गेली. गोळी झाडली, ती बोलावून आणलेल्या खाजगी शिकाऱ्याच्या मुलाने. शहरांतून मेणबत्त्या पेटल्या, निषेध झाले. त्या गावांतून मात्र सुटकेचा निःश्वास ऐकू आला. मारण्याच्या रीतीवर आक्षेप घ्यावेत, तसे घेतलेही गेले. पण गुरे घेऊन रोज त्याच रानात जाणाऱ्या बाईच्या भीतीबद्दल त्या निषेधांत फारसे कुणी बोलले नाही.

आज टिपेश्वरच्या अभयारण्यात आपण तिकीट काढून, जिप्सीत बसून वाघ पाहायला जातो. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, हे फार चांगले झाले. फाटकापाशी परवाना तपासला जातो, गाइड बरोबर दिला जातो. फाटकाच्या बाहेरच्या गावातला माणूस मात्र सरपण, मोहफुले आणि चराई यांसाठी कोणत्या वाटेने आत शिरावे, याची चौकशी अजून वनरक्षकाकडेच करतो आहे. सार्वजनिक जमिनीच्या हक्काची चर्चा करायची, तर पहिला अर्ज त्याचा घ्यावा. बंदूकवाल्यांचा नंबर त्यानंतर बऱ्याच खाली लागेल.