नोबेलच्या यादीबाहेरचे तारेशोधक

१/९
विश्वाचे प्रसरण मंदावत नसून त्याचा वेग वाढत आहे, हे १९९८ मध्ये दोन संशोधकगटांनी अतिदूरच्या स्फोटक ताऱ्यांवरून शोधले, असे सर्रास सांगितले जाते. विधान खोटे नाही. पण ते कथा दहा वर्षे उशिरा सुरू करते आणि त्या दहा वर्षांतील माणसांना कथेबाहेर ठेवते.

२/९
'प्रकार १-अ'चा अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा, हा श्वेत बटू ताऱ्याचा स्फोट. त्याचे मूळ तेज ठाऊक असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून अंतर काढता येते. अडचण अशी की, एका दीर्घिकेत असा स्फोट कित्येक शतकांतून एकदा होतो आणि काही आठवड्यांत मावळू लागतो. तो कोठे व कधी होईल, हे आधी सांगता येत नाही.

३/९
१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कचे हान्स उल्रिक नॉर्गार्ड-नील्सन व त्यांचे सहकारी या शोधाला लागले. साधन होते चिलीतील ला सिला वेधशाळेतील १.५ मीटरची डॅनिश दुर्बीण. दीर्घिकांच्या दाट समूहांच्या प्रतिमा ठरावीक काळाने घ्यायच्या, संगणकावर नवीतून जुनी वजा करायची आणि जो ठिपका उरेल तो तपासायचा.

४/९
सुमारे दोन वर्षांच्या खटाटोपानंतर, ऑगस्ट १९८८ मध्ये, एक अतिदूरचा 'प्रकार १-अ' हाती लागला. त्याचा प्रकाश सुमारे साडेतीन अब्ज वर्षे प्रवास करून आला होता. मात्र तोवर त्याचे परमोच्च तेज ओसरले होते. त्या एकट्यावरून विश्वाचा हिशेब मांडणे शक्य नव्हते.

५/९
दोन वर्षांत एक तारा! याला अपयश म्हणणाऱ्यांनी पुढचे पाहावे. वजाबाकीची रीत चालते, हे या एका ताऱ्याने सिद्ध केले. उणीव होती ती मोठ्या दुर्बिणीची व विस्तृत दृष्टिक्षेत्राची. बर्कली येथील सॉल पर्लमटर यांच्या गटाने ती भरून काढली. एका अमावास्येनंतर व पुढच्या अमावास्येपूर्वी हजारो दीर्घिका टिपल्या, की तेज चढत असतानाच तारे सापडत. या गटाचा पहिला अतिदूरचा तारा १९९२चा.

६/९
दुसरे ऋण चिलीचे. हे तारे मुळात एकसारखे तेजस्वी नसतात. जो सावकाश मावळतो तो अधिक तेजस्वी, हा संबंध मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये मांडला. मारिओ हामुई, होसे मासा, निकोलस सन्टझेफ व फिलिप्स यांच्या कलान-तोलोलो सर्वेक्षणाने जवळच्या ताऱ्यांची काटेकोर मोजणी करून त्याला बळकटी दिली.

७/९
पर्लमटर गटाच्या १९९९च्या निबंधात ४२ दूरचे तारे आहेत. त्यांच्याशी तुलनेसाठी घेतलेले जवळचे १८ तारे कलान-तोलोलोचे. दूरचे तारे अपेक्षेपेक्षा मंद आहेत, हे जवळच्यांशी ताडल्यावाचून कळणारच नव्हते. मोजपट्टी दुसऱ्यांनी घडवलेली होती.

८/९
२०११चे भौतिकीचे नोबेल पर्लमटर, ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांना मिळाले. त्यांच्या योग्यतेविषयी वाद नाही. एका पारितोषिकात तिघांहून अधिक नावे बसत नाहीत, हा नोबेलचा नियम आहे. तो इतिहासलेखनाने का पाळावा?

९/९
प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. दोन वर्षांत एक तारा शोधणाऱ्याला आज निष्फळ ठरवले, तर उद्या तशा कामाला दुर्बिणीची एक रात्रही मिळणार नाही. म्हणून १९९८च्या वाक्याआधी पाठ्यपुस्तकांत आणखी दोन वाक्ये हवीत: एक डॅनिश गटाच्या १९८८च्या ताऱ्याचे, दुसरे चिलीतील मोजणीचे.