वाळवंट, डोंगर आणि सूर्यास्तानंतरचा रस्ता



जानेवारीत आम्ही दोघं आपली गाडी घेऊन नागपूरहून निघालो. छिंदवाडा, पचमढी, मग चितोड, राणकपूर, जोधपूर आणि शेवटी जैसलमेर. एकोणीस दिवसांनी घरी परतलो. तेव्हापासून मंदिरात, भिशीत, हळदीकुंकवात एकच प्रश्न ऐकते आहे. या वयात गाडीने एवढं फिरायचंच होतं तर शिखरजीला का नाही गेलात? वाळवंटात आणि जंगलात काय ठेवलंय? ओळखीतल्या एक वयोवृद्ध काकू तर थेट शास्त्रावर आल्या. म्हणाल्या, धर्मकार्याशिवायचं फिरणं म्हणजे अनर्थदंड.

काकूंचा स्वाध्याय माझ्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे हे बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांचा मुद्दा खराही आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यातल्या प्रमादचर्येत विनाकारण माती खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं यांच्याबरोबर विनाकारण भटकणंही येतं. माझा सगळा भर त्या 'विनाकारण' शब्दावर आहे. आपण रोज एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतच्या जीवांची क्षमा मागतो. पण ओळख किती जणांशी? गाय, कुत्रा, चिमणी, पाल आणि झुरळ. ज्यांची क्षमा मागायची ते कुठे राहतात, काय खातात, कशाने मरतात, हे एकदा डोळ्यांनी बघून येणं मला तरी विनाकारण वाटत नाही.

फिरणं हा दोष नाही, पण फिरण्याची रीत दोषाची असू शकते. आणि माझ्या मते ती रीत बदलते सूर्यास्ताला.

आमच्या प्रवासाचा हिशेब सांगते. सूर्योदयानंतर दोन घटका झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही आणि सूर्यास्ताआधी दोन घटका जेवण आटपायचं, हा घरचा नियम. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. जानेवारीत जैसलमेरला उजाडायलाच साडेसात वाजतात, म्हणजे नाश्ता सव्वाआठनंतर. संध्याकाळी पाच-सव्वापाचला पान वाढलेलं हवं, म्हणजे चारपर्यंत मुक्कामाला पोचायला हवं. मधे उरतात सात तास, त्यात थांबत-थांबत अडीचशे-तीनशे किलोमीटर. त्याहून जास्त अंतर आम्ही एकाही दिवशी ठरवलं नाही. यांना आधी ते फार कमी वाटत होतं. "रात्री रस्ता रिकामा असतो, भराभर कापला जातो," हे वाक्य तुमच्याही घरात म्हटलं जात असेलच.

रस्ता रात्री रिकामा नसतो, फक्त माणसांनी रिकामा केलेला असतो. सांबर, चितळ, नीलगाय, कोल्हा, साळिंदर, सगळ्यांची ये-जा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. हेडलाइटच्या झोतात सांबर पळत नाही, डोळे दिपून जागीच उभं राहतं.

हे कळायला राजस्थानला जावं लागत नाही. जबलपूरला जाताना देवलापार-खवासाचा पट्टा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पेंचच्या जंगलातून जाणारा हा महामार्ग चौपदरी करताना बरीच कोर्टकचेरी झाली आणि मग आपल्या महाराष्ट्राच्या बाजूला प्राण्यांना खालून जायला नऊ भुयारी वाटा सोडल्या गेल्या. सगळ्यात लांब वाट साडेसातशे मीटरची आहे. २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले तेव्हा वाघासकट अठरा जातींचे प्राणी त्या वाटांनी जाताना टिपले गेले. म्हणजे वाट दिली तर ते बिचारे मुकाट खालून जातात. पण अशा वाटा किती रस्त्यांना आहेत? मेळघाटाला नाहीत, पचमढीच्या घाटाला नाहीत. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातला महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. व्यापाऱ्यांनी आरडाओरड केली, तरी उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. सरकारने फाटक लावलं की आपण पाळतो. फाटक नसेल तिथे आपला नियम काय?

आता जरा आपल्याच अंगणात बघू या. आपल्या यात्रांच्या बसा बहुतेक रात्रीच निघतात. 'दिवस वाचतो' म्हणून. बसमध्ये कोणी रात्री पाणीसुद्धा पीत नाही, डबे संध्याकाळीच रिकामे झालेले असतात, आणि बस मात्र रात्रभर जंगल कापत धावते. रात्रीभोजन आपण कशासाठी सोडलं? दिव्यावर झेप घेणारे बारीक जीव ताटात पडतात, दिसत नाहीत, म्हणून. मग पहाटे त्याच बसची पुढची काच एकदा बघा. वायपरने पुसून निघत नाही एवढा थर असतो. ताटातला एक पतंग टाळण्यासाठी आपण जन्मभर सूर्यास्ताआधी जेवतो, आणि काचेवरचे हजार कोणाच्या खात्यात लिहायचे? मी कॉमर्सची, मला खातं रिकामं सोडता येत नाही.

पचमढीला एक गंमत झाली. धूपगड हे सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर, १३५२ मीटर. तिथे सूर्यास्त बघायला झुंबड असते. पण डोंगरावर सूर्यास्त बघायचा म्हणजे जंगलातून अंधारात उतरायचं, ते आलंच. आम्ही सूर्योदयाला गेलो. थंडीने बोटं वळत नव्हती, पण गर्दीच नव्हती आणि उतरताना लख्ख उजेड. पुढे मढईला देनवा नदी नावेने ओलांडून सातपुडा राष्ट्रीय उद्यानात गेलो. तिथे वनखात्याच्या माणसाबरोबर पायी फिरता येतं. तो आम्हाला चार पावलं पुढची जमीन बघून चालायला सांगत होता, साप-विंचवासाठी. मुनिमहाराजांची ईर्यासमिती आपण शब्दांत पाठ केलेली असते, तिथे ती पायांना कळली. वाघ दिसला नाही. जीपमधल्या लोकांना वाघ दिसण्याची जेवढी घाई असते, त्याहून जास्त त्याने कोणाला तरी धरलेलं दिसण्याची असते. हा अपध्यानाचा प्रकार आहे असं माझं स्पष्ट मत आहे आणि तिथे काकूंशी मी शंभर टक्के सहमत आहे.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते, कारण फोनवर तेच जास्त विचारलं गेलं. दशम्या, भाजके पोहे, लसणाविना शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट घरून. पाणी गाळायचं दुहेरी कापड आणि छोटी शेगडी गाडीत. राणकपूरला भोजनशाळा आहेच. आणि राजस्थानात सांगरी मागा. खेजडीच्या झाडाच्या वाळलेल्या शेंगा त्या, कंदमुळाचा प्रश्नच नाही. कांदा-लसूण नको एवढं आधी सांगायचं. केराचं लोणचं मात्र माझ्यासारखीने दुरूनच बघायचं.

खेजडीवरून आठवलं. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली ही झाडं वाचवताना अमृतादेवी आणि बिश्नोई समाजाची मिळून ३६३ माणसं मारली गेली. झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि कापली गेली. अहिंसेचा मक्ता आपलाच आहे असं आपल्याला वाटतं, म्हणून हे सांगितलं.

आता वाळवंट. जैसलमेरचं राष्ट्रीय मरू उद्यान १९८० साली राखीव झालं, ३१६२ चौरस किलोमीटर. सिनेमातल्यासारखे वाळूचे डोंगर त्यात जेमतेम पाचवा हिस्सा. बाकी सगळं खुरटं गवत, दगडगोटे, मधे गावं, ढाण्या, शेळ्या-मेंढ्यांचे कळप. चिंकारा दिसली, लोमडी दिसली, गिधाडं दिसली. ज्याच्यासाठी गेलो तो माळढोक दिसला नाही.

माळढोक आपल्याला परका नाही. आपल्या वरोरा-भद्रावतीच्या माळांवर तो होता. भद्रावतीच्या पार्श्वनाथाला आपल्या सासवा-आजेसासवा बैलगाडीने जायच्या, तेव्हा त्यांनी तो वाटेत पाहिलाही असेल. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून त्याच्या नावाचं अभयारण्य आहे, पण पक्षी जवळपास संपले. आज साऱ्या देशात मोकळ्यावर दीडशेपेक्षा कमी उरलेत आणि बहुतेक सगळे जैसलमेरकडेच. पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. शिकार झाली, माळ नांगरले गेले, अंडी कुत्र्यांनी खाल्ली. आता त्याला मारतात विजेच्या तारा. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, समोरचं नीट दिसत नाही. उडताना तार दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो आणि एवढं जड शरीर पटकन वळत नाही.

देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे की त्या भागातल्या ४२०० चौरस किलोमीटरमध्ये तारांवर आदळून वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी मरतात, सगळ्या जातींचे मिळून. एम. के. रणजितसिंह हे निवृत्त सनदी अधिकारी त्यासाठी कोर्टात गेले. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालायला सांगितल्या, मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सूर्याची आणि वाऱ्याची वीजही देशाला हवी आहे. मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही, आमच्याही गच्चीवर पॅनल आहेत. पण लोद्रव्याच्या पार्श्वनाथाचं दर्शन घेऊन निघालो आणि मग वाटेत जिकडे बघावं तिकडे पवनचक्क्या आणि तारा. माझ्या ताटात मांस नाही, घरात चामड्याची पर्स नाही, तरी त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी आपलंच बटण आहे. शेतीव्यवसाय टाळला, पशुव्यापार टाळला, म्हणून आपली हिंसा संपली असं आपण धरून चालतो. ती फक्त नजरेआड गेली आहे, बिलात तिचा रकाना नाही.

म्हणून जीवदयेच्या पैशाबद्दल बोलायचं आहे. दसलक्षणात झोळी फिरते, ती सगळी गोशाळेत जाते. गोशाळेला विरोध नाही, दर वर्षी मीही देते. पण कायद्याने प्रत्येक व्याघ्रप्रकल्पाचं एक प्रतिष्ठान असतं आणि आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, जिथे मांज्यात अडकलेल्या घारीपासून गाडीने उडवलेल्या माकडापर्यंत सगळ्यांवर उपचार होतात. संक्रांतीनंतर तिथे काय अवस्था असते ते एकदा जाऊन बघा. झोळीतला चौथा हिस्सा तिकडे वळला तर गायीचं काही कमी होणार नाही.

एक गोष्ट मला या प्रवासात फार आवडली. पेंच, सातपुडा, कान्हा, सगळीकडे जुलै ते सप्टेंबर गाभ्याचं जंगल पर्यटकांना बंद. आपले साधू तेव्हा चातुर्मासात एका जागी. खात्याचं कारण चिखल आणि प्राण्यांचा विणीचा काळ, साधूंचं कारण पायाखालचे जीव. कारणं वेगळी नाहीतच, नाही का?

राहता राहिलं वयाचं. मी पन्नाशीनंतर गाडी शिकले, आता एकसष्ट-बासष्टच्या मैत्रिणी 'मुलं नेतील तेव्हा जाऊ' म्हणतात. मुलांना सुट्टी चार दिवसांची असते, चार दिवसांत सगळं उरकायचं म्हणून तीच मुलं रात्रभर गाडी हाकतात. आपल्याकडे वेळ आहे, तेवढी एकच गोष्ट आपल्याकडे त्यांच्यापेक्षा जास्त आहे. दिवसाउजेडी, हळूहळू, दोघांनीच जा.

फाल्गुनात आपल्या मंडळाची मुक्तागिरीची यात्रा ठरते आहे. नेहमीप्रमाणे रात्री अकराची बस काढायचं चाललं होतं. परतवाड्यापुढे तो सगळा मेळघाटाच्या पायथ्याचा रस्ता आहे. मी सांगितलं आहे की बस सकाळी सात वाजता निघावी, मुक्काम तिथल्या धर्मशाळेत व्हावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघून उजेडात घरी यावं. माणशी दोनशे-अडीचशे रुपये जास्त पडतील आणि एक दिवस जास्त जाईल. ज्यांना हे पटतं त्यांनी रविवारपर्यंत मंदिरात नाव द्यावं. पंचवीस नावं झाली की बसवाल्याशी मी बोलते.