रात्री हेडफोन, रविवारी स्पीकर!

बदलापूरला राहणं म्हणजे काय, ते रोज बदलापूर लोकल पकडणाऱ्यालाच विचारा. सीएसएमटी ते बदलापूर ६८ किलोमीटर. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. घरी पोचून, जेवून हुश्श करेपर्यंत घड्याळात दहा वाजलेले असतात. दिवसभरात 'स्वतःचा' म्हणावा असा जेमतेम एक तास उरतो. त्या तासात मस्त गाणी लावावीत म्हटलं, तर आई-बाबा नाहीतर रूम पार्टनर झोपलेले आणि भिंतीपलीकडे शेजारी! शिवाय २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेतच. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. म्हणजे सोमवार ते शनिवार हेडफोन झिंदाबाद. रविवारी मात्र कुकरच्या शिट्ट्यांवर मात करत हॉलमध्ये स्पीकर दणदणायला हवेत!

ही दोन्ही कामं करणाऱ्या एकाच डब्याचं नाव इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर. मागे फोन, टीव्ही, सीडी प्लेअर जोडा. पुढे व्हॉल्यूमचं बटण आणि कोपऱ्यात हेडफोनचा जॅक. नवा घ्यायचा तर ईएमआयच्या यादीत आणखी एकाची भर. त्यापेक्षा सेकंडहँड घेणं केव्हाही शहाणपणाचं. चांगला ॲम्प वीस-वीस वर्षं टिकतो आणि फर्स्टहँड मालकाने तो विकायला काढला की किंमत धाडकन खाली येते. पण सेकंडहँड घेताना बहुतेक जण भलतंच काहीतरी बघून भुलतात. तेव्हा आजचा फंडा : कंपनीची पाटी आणि वॉटचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा!

मिळतो कुठे?

आपल्या पट्ट्यात ॲम्प तीन वाटांनी येतात. पहिली वाट अर्थातच उल्हासनगर. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीला 'उल्हासनगर' हे नाव मिळालं. तेव्हापासून जुनं-नवं विकण्यात आणि बिघडलेलं चालू करण्यात या पाच कॅम्पांचा हात धरणारं कुणी नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आता शिळा झाला, पण त्यातला धडा ताजा आहे. पाटी वाचू नका, झाकण उघडून बघा!

दुसरी वाट अंबरनाथसारख्या गावातली जुनी घरं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की शोकेसमधला जुना सेट बाहेर येतो. त्यात कोलकात्याच्या सोनोडाइनचे किंवा मुंबईच्या कॉस्मिक आणि नॉर्जचे ॲम्प सापडू शकतात. दिसायला साधे, पण दुरुस्तीला सोपे. तिसरी वाट म्हणजे बदलापूरचे नवे टॉवर. तिथे आपल्याच वयाचा कुणीतरी 'अपग्रेड' करतो आणि आपला यामाहा, डेनॉन किंवा मरँट्झ विकायला काढतो. ही वाट सर्वांत सोपी. बिल असतं, बॉक्स असतो आणि घरी जाऊन ऐकता येतं.

आधी जॅक, मग वॉट

"सौ वॉट है साईं, पूरा बिल्डिंग हिल जाएगा!" असं कुणी म्हटलं की गोड हसा आणि पुढचा प्रश्न विचारा. 'पीएमपीओ'वाले हजारो वॉट आठवतात ना? ते निव्वळ स्टिकरवरचे. खरा आकडा आरएमएस वॉटचा, तोही ८ ओहमवरचा. त्यातही गंमत अशी, की वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. ८७ डेसिबल क्षमतेचा साधा स्पीकर एका वॉटमध्ये एक मीटरवर ८७ डेसिबल देतो. म्हणजे १० बाय १२च्या खोलीत तुम्ही बहुतेक वेळ एक-दोन वॉटच वापरणार! १९७८ साली आलेला एनएडी ३०२० कागदावर फक्त २० वॉटचा होता आणि तरीही जगभर गाजला. ३०-४० खरे वॉट आपल्याला रग्गड.

आता हिशोब करा. आठवड्यात सहा रात्री हेडफोन आणि एक दिवस स्पीकर. मग ॲम्पची परीक्षा कशावर घ्यायची? हेडफोनच्या जॅकवरच! नेमकं तेच कुणी करत नाही, कारण दुकानात हेडफोन नसतो आणि विकणारा स्पीकरच लावून दाखवतो.

जुन्या ॲम्पमध्ये जॅकसाठी वेगळं सर्किट सहसा नसतं. स्पीकरला जाणारा आवाजच काहीशे ओहमच्या रेझिस्टरमधून गाळून जॅकला दिलेला असतो. मोठ्या, ३०० ओहमच्या हेडफोनला हे बऱ्यापैकी मानवतं. पण आपले १६ किंवा ३२ ओहमचे हेडफोन लावले, तर अनेकदा बेस फुगतो आणि गायकाचा आवाज मागे पडतो. साधा नियम असा, की हेडफोनचे ओहम जॅकच्या ओहमच्या निदान आठपट हवेत. नव्या मॉडेल्समध्ये हेडफोनसाठी बऱ्याचदा वेगळी चिप असते, तिथे हा त्रास कमी. कागद मिळाला नाही तरी हरकत नाही. रोजचा हेडफोन आणि पाठ असलेली दोन गाणी सोबत न्या, कान बरोबर सांगतील.

आणखी एक रात्रीची परीक्षा. व्हॉल्यूम अगदी कमी ठेवा, झोपण्यापूर्वी ठेवता तितका. जुन्या बटणांत तेवढ्या आवाजाला डावा कान जोरात आणि उजवा हळू असं होतं. स्पीकरवर ते कळतही नाही, हेडफोनवर डोकं उठतं. मागे 'सूंऽऽ' असा आवाज येतो का, तेही ऐका. मग पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करा. काही ॲम्पमध्ये पिन घातली की स्पीकर बंद होतात. आतला पत्रा झिजला असेल तर पिन काढल्यावर एक स्पीकर मुकाच राहतो.

पाठीवरची पाटी

एक पाटी मात्र वाचायचीच. समोरची नव्हे, मागची! आपली वीज २३० व्होल्टची, जपानची १०० आणि अमेरिकेची १२०. जपानी बाजारासाठी बनलेले देखणे ॲम्प इथे स्वस्तात दिसतात, त्याचं एक कारण हेच. असा डबा थेट आपल्या प्लगमध्ये घातला तर त्याला दुपटीहून जास्त व्होल्टेज मिळतं. नशीब बरं असेल तर फ्यूज उडेल, नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळेल आणि आगीचा धोका वेगळाच. असा पीस घ्यायचाच असेल तर योग्य क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा. त्याचा खर्च आणि वजन आधीच हिशोबात धरा. काहींच्या मागे व्होल्टेज बदलायचा स्विच असतो. तो कुठल्या आकड्यावर आहे, हे प्लग लावण्यापूर्वी बघा. दुबईहून आलेल्या सेटचा सहसा प्रश्न येत नाही, पण पाटी तरीही वाचा.

पुराचं पाणी

हा मुद्दा खास आपल्या भागाचा. २६ जुलै २००५चा पूर कोण विसरेल? २७ जुलै २०१९ला तर महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. तळमजल्यावरच्या घरांत तेव्हा जे भिजलं, ते सगळंच भंगारात गेलं असेल असं नाही. वाळवून, पुसून, वरून चकाचक करून त्यातलं काही बाजारात येऊ शकतं. म्हणून ॲम्प उलटा करा. तळाच्या पत्र्यावर चिखलाची रेघ, स्क्रूंना गंज, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर तांबूस थर किंवा कुबट वास आला तर किंमत कितीही कमी असो, सरळ नमस्कार करा. भिजलेला ॲम्प आज वाजतो आणि पुढच्या पावसाळ्यात दगा देतो.

दुकानात अर्धा तास

क्रम महत्त्वाचा आहे, कारण बिघडलेला ॲम्प तुमचा महागडा हेडफोन क्षणात जाळू शकतो.

आधी काहीही न जोडता ॲम्प चालू करा. बहुतेकांत दोन-चार सेकंदांनी रिलेचा 'टक्' ऐकू येतो. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून दुकानदाराला स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावायला सांगा. डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. १००च्या वर असेल तर आधी दुरुस्ती, मग बोलणी. मीटर नाही म्हणाला तर दुकान बदला.

नंतर दुकानातलाच स्वस्त स्पीकर लावा. व्हॉल्यूम, बॅलन्स आणि इनपुटची सगळी बटणं फिरवा. दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, बघा. हेडफोन सगळ्यात शेवटी. आणि घाई करू नका. अर्धा तास चालू ठेवा, तोवर चहा घ्या. मग झाकणावर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक, एकच बाजू चटका देत असेल तर गडबड आहे.

झाकण उघडायचं ते प्लग काढून आणि कारागिराच्याच हाताने, कारण आतल्या कंडेन्सरमध्ये वीज साठलेली राहते. काय बघायचं? फुगलेले कंडेन्सर, सोल्डरिंगचे ताजे डाग, झुरळांचा संसार. आउटपुटला 'एसटीके' आयसी दिसला तर तो मूळचा आहे का, हे विचारा. तो बदललेला असेल तर सावध व्हा, बाजारात डुप्लिकेट फार.

काय चालेल, काय नाही?

व्हॉल्यूमची खरखर, जुना रिले, थकलेले कंडेन्सर, गेलेला दिवा ही सगळी किरकोळ दुखणी. आपल्याकडच्या दमट हवेत ती होतातच. कारागिराकडून खर्चाचा अंदाज घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून कापून मागा. जळालेला ट्रान्सफॉर्मर, तडकलेला बोर्ड आणि पाण्यात बुडालेला पीस मात्र नकोच. एक सल्ला आवर्जून : खरेदीआधी कारागीर शोधा. उल्हासनगरात किंवा तुमच्या स्टेशनजवळ जुना टेप दुरुस्त करणारे एखादे काका अजून दुकान टाकून बसलेले असतील, तर त्यांच्याशी ओळख वाढवा. सेकंडहँड ॲम्पची खरी वॉरंटी म्हणजे ते काका! बजेटमधला थोडा भाग त्यांच्यासाठी राखून ठेवा.

आणि हो, कानांची वॉरंटी कुणीच देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं सुरक्षित. दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते. लोकलच्या खडखडाटात आपण फोनचा आवाज वाढवतोच, निदान घरच्या शांततेत तरी तो कमी ठेवा. चांगल्या ॲम्पची मजा कमी आवाजातच कळते.

तर मंडळी, समोर दोन पीस असतील, एक ८० वॉटचा चकचकीत पण कमी आवाजात एका बाजूला झुकणारा, आणि दुसरा ३० वॉटचा, ओरखडे पडलेला पण हेडफोनवर शांत, तर दुसराच उचला. सहा रात्री विरुद्ध एक रविवार, मतमोजणी इतकी सोपी आहे! बॅगेत हेडफोन टाका आणि लागा कामाला. हॅपी लिसनिंग!