आकडा एकटा बोलत नाही

मारुंजीत पहाटे रस्त्यावर दोन प्रकारची माणसे धावताना दिसतात. एक, हिंजवडीच्या कंपन्यांतले इंजिनिअर, मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ बांधलेले. दुसरी, पोलीस भरतीची तयारी करणारी गावातली मुले. हृदय धडधाकट ठेवायचे तर अंग हलवले पाहिजे, हे आता सर्वांनाच पटले आहे. पण त्याच हृदयाने तक्रार केली तर काय करावे, हे मात्र आपल्याला नीट उमगलेले नाही. गेल्या हिवाळ्यात आठ दिवसांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टींनी मला ते शिकवले. त्यातल्या एकीत चूक माझीच होती.

माझा पुतण्या २९ वर्षांचा. एका रविवारी तो २१ किलोमीटरची शर्यत धावून आला. दुपारी छातीत किंचित अवघडल्यासारखे वाटले, म्हणून त्याला रुग्णालयात नेले. ईसीजी ठीक होता, पण रक्तातले ट्रोपोनिन वाढलेले निघाले. वहिनींनी देव पाण्यात घातले. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतले, काही तासांनी पुन्हा रक्त घेतले, हृदयाची सोनोग्राफी केली. दुसऱ्या दिवशी आकडा उतरला आणि मुलगा हसत घरी आला.

पुढच्याच सोमवारी रात्री शेजारच्या आबांच्या छातीत जळजळू लागले, अंगाला दरदरून घाम फुटला. आबांचे वय ६२. 'पित्त उसळलंय, दुसरं काही न्हाई,' ते म्हणाले. मीच त्यांना गाडीत घालून नेले. दुखणे सुरू होऊन जेमतेम तास झाला होता. ईसीजीत ठळक काही नव्हते, ट्रोपोनिनही मर्यादेत होते. डॉक्टर म्हणाले, थांबा, तीन तासांनी पुन्हा रक्त तपासू. आबा कंटाळले होते. मीही म्हणालो, 'रिपोर्ट चांगला आहे, चला घरी.' पहाटे त्यांना पुन्हा न्यावे लागले. आता आकडा कितीतरी पटींनी वाढला होता. अँजिओप्लास्टी झाली, आबा वाचले. पण हृदयाचा एक भाग कायमचा दुबळा झाला. शेतावर जाताना ते आता वाटेत दोनदा बसतात. मला ते एका शब्दानेही बोलत नाहीत, आणि तेच मला जास्त लागते.

वाढलेल्या आकड्याचा मुलगा सुखरूप आणि चांगल्या आकड्याचे आबा संकटात, हे कसे? ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूत आकुंचनाचे काम पाहणारे प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपते. १९५४ साली झटका ओळखण्यासाठी रक्तातले जे द्रव्य मोजू लागले, ते यकृतातही असते. पुढे आलेले सीके-एमबी थोड्या प्रमाणात हातापायांच्या स्नायूंतही सापडते, म्हणजे धावणाऱ्यांच्या बाबतीत घोटाळा. १९८९ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या ह्यूगो काटुस यांनी ट्रोपोनिन मोजण्याची पद्धत दिली आणि निदान पुष्कळच नेमके झाले.

तरीही ही चाचणी इजा झाली एवढेच सांगते. ती कशाने झाली, हे सांगत नाही. झटक्यानंतर रक्तातले प्रमाण चढायला काही तास लागतात आणि पुढे ते आठवडाभर किंवा अधिकही टिकते. म्हणून पहिल्या तासाचा चांगला रिपोर्ट हा निर्वाळा नव्हे. उलट मॅरेथॉन धावून आलेल्या निम्म्याहून अधिक निरोगी माणसांतही हे प्रमाण मर्यादेबाहेर जाते आणि एक-दोन दिवसांत उतरते. मूत्रपिंडाच्या विकारातही ते वाढलेले असू शकते. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर न थांबता त्याचा चढ-उतार पाहतात आणि त्याला लक्षणांची व ईसीजीची जोड देतात.

याचा अर्थ धावणाऱ्याने छातीतले दुखणे अंगावर काढावे असा नाही. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटरच्या धावचाचणीत तरुण उमेदवारांचे बळी गेले, हे आपण विसरलो आहोत. तरुण वय म्हणजे अभयपत्र नव्हे. भरतीसाठी घाम गाळणाऱ्या मुलाला चक्कर आली, छाती भरून आली, तर 'दम धर' म्हणणाऱ्यांनी आधी त्याला थांबवावे.

वाचकहो, या चाचणीची हौसेने 'पॅकेज'मध्ये भर घालू नका आणि दुखत असताना घराजवळच्या लॅबमध्ये रक्त देऊन रिपोर्टची वाटही पाहू नका. छातीत दडपण, जबडा किंवा खांदा भरून येणे, घाम, धाप, यांपैकी काही जाणवले तर १०८ ला फोन करा आणि जिथे लगेच ईसीजी निघेल तिथे जा. मधुमेह असलेल्यांना दुखणे जाणवेलच असेही नाही. आणि डॉक्टरांनी 'थांबा' म्हटले, तर थांबा. त्या रात्री आम्हाला तीन तासांचा कंटाळा आला होता. आबा त्याची किंमत रोज मोजत आहेत.