नकाराचा मान

ऑगस्टचा दुसरा आठवडा आपल्याकडे चिंब भिजूनच उगवतो. भाताची लावणी उरकत आलेली असते, ओढे दुथडी भरून वाहत असतात आणि श्रावणाच्या आगेमागे आपण दोन तारखा मनोभावे पाळतो. नऊ तारखेला मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर आणि गावोगावच्या स्मारकांपाशी हुतात्म्यांना वंदन होते. सहा दिवसांनी तिरंगा फडकतो. त्याच नऊ तारखेला जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात तारपा घुमतो, नंदुरबारच्या रस्त्यांवर ढोल वाजतात आणि हजारो माणसे हातात हात गुंफून फेर धरतात. जिनिव्हात १९८२ साली मूलनिवासी समाजांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटाची पहिली बैठक याच दिवशी भरली होती, म्हणून १९९४ मध्ये तो मूलनिवासींचा जागतिक दिन ठरला. एका तारखेच्या पोटात असे दोन स्मरणदिवस नांदावेत, हा योगायोग खरा. पण आपल्याला थोडे थांबवून विचार करायला लावणारा. परक्या सत्तेला ‘चले जाव’ म्हणण्याचा हक्क ज्या देशाने प्राणपणाने बजावला, त्या देशात डोंगरकपारीतल्या एखाद्या पाड्याने ‘नको’ म्हटले तर त्याचे काय होते?

लोकशाही डोकी मोजते. तिच्या न्यायबुद्धीचा तोच पाया आहे आणि तिची सर्वांत अवघड मर्यादाही तीच आहे. जे समाज आपल्याच भूमीवर संख्येने थोडे उरले, त्यांच्यासाठी मोजणीचा निकाल आधीच लागलेला असतो. ऑस्ट्रेलियात १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झाले. तिथल्या आद्य समाजांचे म्हणणे संसदेपुढे मांडणारे, केवळ सल्ला देणारे एक मंडळ राज्यघटनेत यावे, एवढीच मागणी होती. हे समाज तिथल्या लोकसंख्येत चार टक्क्यांच्या आसपास. उरलेल्यांच्या मतांवर त्यांचे भवितव्य टांगलेले. सुमारे साठ टक्के मतदारांनी नकार दिला. मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत संमत झाला तेव्हा १४४ देश बाजूने होते आणि विरोधात केवळ चार: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. चारही जुन्या, नांदत्या लोकशाह्या. पुढे चौघांनीही भूमिका बदलली, हेही नोंदवले पाहिजे. भारताने बाजूने मत दिले, पण स्वातंत्र्यानंतरचे सगळे भारतीय मूलनिवासीच, ही आपली अधिकृत भूमिका कायम राहिली. त्यामुळे जाहीरनाम्याला आपला होकार असला, तरी त्यातला प्रश्न आपण उंबऱ्याबाहेरच ठेवला.

तो प्रश्न आपल्या घटना समितीत मात्र फार लवकर विचारला गेला होता. डिसेंबर १९४६ मध्ये उद्दिष्टांच्या ठरावावर बोलताना जयपालसिंग मुंडा यांनी सभागृहाला सांगितले की, आदिवासींना लोकशाही शिकवण्याच्या भानगडीत पडू नका, ती त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे नेतृत्व केलेला हा माणूस तिथे दयेची याचना करायला उभा नव्हता. चर्चेने निर्णय घेण्याची आपल्या समाजाची रीत तो देशापुढे ठेवत होता.

ही रीत कशी असते, हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव अनेक वर्षे सर्वसहमतीने निर्णय घेते. बहुमताने विषय रेटायचा नाही. एकाचे जरी समाधान झाले नाही तरी पुन्हा बसायचे, पुन्हा बोलायचे. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली, तेव्हा अनेकांना ती बंडाची भाषा वाटली असेल. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या काही गावांत त्याची गणना होते. पण कागदावर जंगल गावाचे झाले तरी बांबूची वाट मोकळी झाली नाही. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो; १९२७ चा जुना वन कायदा त्याला झाडात धरत होता. तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याकडे. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. संसदेने दिलेला हक्क एका परवाना-पुस्तकापाशी दोन वर्षे अडून होता, हे आपण विसरू नये.

वनहक्क कायद्याविषयी आपल्या मनात आदर असावा, याला आणखी एक कारण आहे. २००६ च्या या कायद्याच्या प्रास्ताविकेतच वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. राज्यसंस्था इतक्या स्पष्टपणे स्वतःची चूक कायद्यात क्वचितच लिहून ठेवते. १८७८ च्या वन कायद्याने इंग्रजांनी जंगले राखीव केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा माणूस आपल्याच रानात अतिक्रमणदार ठरला. स्वातंत्र्यानंतरही ती नोंद पुसायला आपण साठ वर्षे घेतली. दावा सिद्ध करण्याच्या नियमांतही एक वेगळीच माया आहे. महसुली कागद नसला तरी गावातल्या वृद्धाचे लेखी घेतलेले निवेदन पुरावा म्हणून चालते. जुनी विहीर, स्मशानभूमी, देवाचे ठिकाण हेही पुरावे. म्हाताऱ्याने काठी टेकत दाखवलेल्या बांधाला, आंब्याखालच्या शेंदरी दगडाला कायद्याने साक्षीदार मानले. पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो, विकता येत नाही, वारशाने पुढे जातो.

मात्र जमीन देणे एकवेळ सोपे. नकार मान्य करणे कठीण. ओडिशातील नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटची खाण व्हायची होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि त्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा एकामागून एक बसल्या. डोंगरिया कोंध बायाबापड्यांनी न्यायाधीशांच्या देखत आपल्या नियमराजा देवाचा डोंगर खोदू देणार नसल्याचे सांगितले. बाराच्या बाराही ठिकाणी नकार आला आणि तो पाळला गेला. स्वतंत्र भारताच्या इतिहासातले ते एक उजळ पान आहे. आपल्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. तिथल्या ग्रामसभांनी खाणीविरोधात ठराव केले, माणसे रस्त्यावर उतरली; लोहखनिजाचा उपसा सुरूच आहे. रोजगार हवा, हे म्हणणे खोटे नाही, आणि त्या भागातल्या तरुणांमध्येही ते ऐकू येते. पण ज्याच्या घरामागचा डोंगर जाणार, त्याला आधी विचारायचे की नंतर, हा क्रमाचा प्रश्न विकासाच्या कोणत्याही हिशेबात गौण ठरत नाही. २००९ च्या केंद्रीय परिपत्रकाने वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक केली होती. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी केंद्राची अंतिम मंजुरी त्या संमतीपासून सुटी केली आणि वनहक्कांची पूर्तता राज्यांवर सोडली. मंजुरी आधी येऊन बसल्यावर ग्रामसभेपुढे विचारण्यासारखे फारसे उरत नाही.

म्हणून या आठवड्यात फेर धरणाऱ्यांचे कौतुक करताना आपले कर्तव्यही आठवावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि पंधरवड्यात तोच आदेश स्थगित केला, तेव्हा देशभर दहा लाखांहून अधिक फेटाळलेले दावे होते आणि ते फेटाळताना रीत पाळली गेली का, याची राज्यांनाच खात्री देता येत नव्हती. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पेसा या आदिवासी भागांतल्या ग्रामसभांच्या कायद्याचे नियम करून पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मिळवण्याची वाट दिली. ही आपल्या राज्याची खरी मिळकत आहे आणि ती जपली पाहिजे. येत्या पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत योजनांची यादी वाचून पेढे वाटले म्हणजे काम झाले असे न मानता, त्या त्या गावचे फेटाळलेले दावे वहीतून बाहेर काढून वाचले जावेत. फेटाळण्याचे कारण लेखी द्यावे, अशी नियमांचीच आज्ञा आहे. ते मराठीत लिहावे आणि गोंडी, माडिया, वारली, पावरी अशा ज्याच्या त्याच्या बोलीत समजावून सांगावे. अपिलाला साठ दिवस मिळतात. तो कागद दावेदाराच्या हातात पडेपर्यंत त्या साठातला पहिला दिवस मोजू नये, एवढे तरी सरकारने या वर्षी जाहीर करावे.