आधी ठोका ओळखा, मग इंजिन खोला

मोटार दुरुस्तीचा धंदा आपल्या अनेक कारागीर बांधवांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्या हुन्नराबद्दल वाद नाही. परंतु एका सवयीमुळे या धंद्याची पत घसरत आहे, हे आम्हास स्पष्ट सांगावेसे वाटते. गिऱ्हाईक 'इंजिनात ठोका येतोय' म्हणून गाडी आणते आणि पाच मिनिटांत निकाल लागतो, 'इंजिन खोलावे लागेल.' हजारोंचे काम निघते आणि कित्येकदा आवाज जसाच्या तसा राहतो. असे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, शिवाय दहा जणांना सांगते.

ठोका सगळा एका जातीचा नसतो. कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढताना वरच्या गिअरमध्ये जोर दिला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, तो जळणाचा ठोका. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच सिलिंडरमधले उरलेले मिश्रण आपोआप पेटते. टायमिंग पुढे गेलेले असणे, आत साचलेला कार्बन, चुकीच्या नंबरचा प्लग, तापलेले इंजिन किंवा हलके पेट्रोल ही त्याची कारणे. यातली बहुतेक कामे इंजिन न उतरवता होतात.

वरच्या बाजूने बारीक टिकटिक येत असेल आणि तिची गती इंजिनाच्या निम्मी असेल तर टपेट पाहावे, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. सकाळी थंड इंजिनात येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा आवाज बहुधा पिस्टनच्या ढिलाईचा असतो. त्यात घाईचे कारण नसते. मात्र खालून जड, खोल ठोका येत असेल, अॅक्सिलरेटर देता-सोडताना तो वाढत असेल आणि ऑइलचा दाब कमी असेल, तर बिग एंडचे बेअरिंग गेले आहे असे समजावे. तेथे गाडी तत्काळ बंद करावी. चालवत राहिल्यास रॉड तुटून ब्लॉक फोडतो आणि मग दुरुस्ती उरतच नाही.

म्हणून क्रम ठरवून घ्यावा. प्रथम डिपस्टिक काढून ऑइल पाहावे. मग गेज लावून दाब मोजावा. डॅशबोर्डच्या दिव्यावर विसंबू नये. इंजिनाचे माउंटिंग, पुली आणि सायलेन्सरचा सैल पत्रा तपासावा. यांचा आवाजही ठोक्यासारखाच भासतो. त्यानंतर स्टेथोस्कोप किंवा लांब पेचकस लावून जागा शोधावी. शेवटी एकेक सिलिंडर बंद करून ऐकावे. ज्या सिलिंडरला बंद करताच ठोका मंदावतो, दोष बहुधा त्याच्याच रॉडमध्ये. नव्या गाडीत यासाठी इंजेक्टरचा कनेक्टर काढावा. नुसती कॉइल काढली तर कच्चे पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो.

पेट्रोलला दोष देण्यापूर्वीही विचार करावा. ठोका थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याची युक्ती १९२१ साली अमेरिकेत सापडली. आपल्याकडे २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. साध्या पेट्रोलचे ऑक्टेन पूर्वी ८८ होते, बीएस-३ नियमांनंतर ९१ झाले. आता मिसळले जाणारे इथेनॉल ठोक्याला उलट अधिकच रोखते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांवर आणि मायलेजवर त्याचा परिणाम होतो, तो प्रश्न वेगळा. आणि बेअरिंगचा ठोका महागड्या पेट्रोलने कधीच जात नाही.

नव्या गाड्यांत नॉक सेन्सर असतो. ठोका जाणवताच कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो. आवाज ऐकू येत नाही, फक्त गाडी ओढत नाही. तेथे कानाच्या जोडीला स्कॅनर लागतोच. चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक घेतला तरी चालेल, पण त्यावाचून पुढे निभाव लागणार नाही.

आता मूळ मुद्दा. ही घाई अज्ञानातून कमी आणि हिशेबातून अधिक येते. आपला मिस्त्री ऐकण्याचे, तपासण्याचे पैसे घेत नाही. त्याची मजुरी खोलल्यावरच सुरू होते. मग खोलण्याकडेच मन ओढते. 'नुसते ऐकण्याचे पैसे कोण देईल?' असे आमचे बांधव विचारतात. डॉक्टरला तपासणीची फी देतोच ना? तपासणीची मजुरी वेगळी लावावी, काय आढळले ते कागदावर लिहून द्यावे आणि काम मिळाल्यास ती रक्कम बिलातून वजा करावी. गिऱ्हाईक एकदा कुरकुरेल, पण वाचलेला खर्च पाहून दुसऱ्या वेळी स्वतःहून येईल.

जाड ऑइल ओतून ठोका दाबायचा आणि गाडी विकायची, हा प्रकार तर बंदच व्हावा. चार दिवसांची ती शांतता दुसऱ्याच्या खिशावर पडते आणि बदनामी सगळ्या बाजाराची होते. गॅरेजमध्ये ठेवलेली गाडी ही अमानत आहे. उस्तादांनी शागीर्दाच्या हाती पाना देण्याआधी त्याचा कान तयार करावा. कंपनीच्या वर्कशॉपशी आपला सामना झगमगाटाने नव्हे, अचूक निदानाने आणि चोख हिशेबानेच होऊ शकतो.