शंकरपाळ्याचा तिसरा बाण

चाळिशीत माणसाने चाळिशी घ्यावी, पाठ्यपुस्तक घेऊ नये. पण बढतीची परीक्षा आली आणि ‘अकाउंटिंग इन्फर्मेशन सिस्टिम्स’ नावाचा साडेसहाशे पानांचा ठोकळा मी घरी आणला. मी बी.कॉम. आहे. वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली आहेत. जमा-नावे मला झोपेतसुद्धा कळते. (सौ.च्या मते, फक्त झोपेतच.)

पुस्तकात मजकूर कमी, आकृत्या फार. चौकोन म्हणजे काम आणि शंकरपाळे म्हणजे निर्णय. हिशेब जुळला का? शंकरपाळ्यातून दोन बाण निघतात, ‘होय’ आणि ‘नाही’. पुढे अंतर्गत नियंत्रणाचे प्रकरण. रोकड सांभाळणाऱ्याने हिशेब लिहू नये, हिशेब लिहिणाऱ्याने मंजुरी देऊ नये. आमच्या घरी ही तिन्ही खाती सौ.कडे आहेत. ही गंभीर त्रुटी मी तिच्या निदर्शनास आणली. त्या दिवसापासून भाजी आणायचे काम माझ्याकडे आले. बाकी सिस्टिम जशीच्या तशी.

आता खरे भांडण सांगतो. या साडेसहाशे पानांत माणूस दोनच रूपांत भेटतो. एक चुकणारा, दुसरा चोरणारा. संगणक मात्र सत्यवचनी हरिश्चंद्र. तोही चुकू शकतो असे एका परिच्छेदात म्हटले आहे, पण तो परिच्छेद परीक्षेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या शाखेत एका नव्या मुलीच्या कॅशमध्ये ५,४०० रुपये कमी आले. साहेब म्हणाले, “सिस्टिम दाखवतेय ना? मग भरून टाका.” पोरीचा चेहरा पांढराफटक. पगार होऊन चारच दिवस झालेले, आणि वडिलांच्या औषधांचा खर्च तिच्याच माथी. मला आमच्या जुन्या हेडकॅशियरकाकांची आठवण झाली. ते म्हणायचे, “फरकाला नऊने भाग जातो का ते आधी बघ. गेला, तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असण्याचा संभव.” ५,४०० ला नऊने भाग जातो. आम्ही दोघे स्लिपा काढून बसलो. तासाभराने सापडली. स्लिप १,७०० ची, संगणकात ७,१००! पोरगी रडली, मग हसली, मग तिने चहा मागवला. पुस्तकात मी हे नऊचे प्रकरण पुष्कळ शोधले. नाही.

तुम्ही म्हणाल, चूक शेवटी माणसाचीच निघाली ना? निघाली. पण ब्रिटनच्या पोस्टाची गोष्ट ऐका. तिथे १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकप्रणाली आली. गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसे चालवणाऱ्या मंडळींच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. करार असा की तूट त्यांनीच भरायची. काहींनी साठवलेली पुंजी घातली, काहींनी घर गमावले. फोन करून विचारले, तर “ही तक्रार फक्त तुमचीच आहे” असे उत्तर मिळाल्याचे अनेकांनी पुढे सांगितले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. संगणक नीटच चालतो असे तिथले कोर्टही गृहीत धरत होते. २०१९ मध्ये हायकोर्टाने निकाल दिला की दोष प्रणालीतच होते. २०२४ मध्ये पार्लमेंटला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. गेलेली माणसे मात्र कायद्याने परत येत नाहीत.

त्या खटल्यांतल्या शिकल्यासवरल्या मंडळींना आकृत्या येत नव्हत्या असे नाही. शंकरपाळ्यातून ‘नाही’ निघाले की माणसाला धरायचे, हे त्यांना चोख येत होते. म्हणून माझी मागणी एवढीच, की शंकरपाळ्याला तिसरा बाण द्या. त्यावर लिहा, ‘थांबा, स्लिपा काढून बघू.’ हा बाण ज्या पुस्तकात नाही, ते पुस्तक सिस्टिम शिकवीत नाही, सिस्टिमला नमस्कार करायला शिकवते. नमस्काराला देव पुष्कळ आहेत. साडेसहाशे पाने कशाला?

परीक्षा संगणकावरच झाली. ‘तफावत आढळल्यास प्रथम काय कराल?’ पर्याय चार. स्लिपा काढून बघण्याचा पर्याय त्यांत नव्हता. मी बराच वेळ पडद्याकडे पाहत बसलो आणि तेवढ्यात पुढचे तीन प्रश्न हुकले.

निकाल लागला. पास व्हायला ५० हवे होते, मला ३६ पडले. सिस्टिम दाखवतेय म्हणजे खरेच असणार, असे साहेब म्हणाले. मला मात्र दाट संशय आहे की माझे गुण ६३ होते. फरक २७ चा. भाग घालून बघा.